विंचवाचं बिऱ्हाड: आइस हॉकीतल्या फिरस्त्या खेळाडूबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत आणि कॅनडात राहणारी मराठी घरं, आणि पुण्या-मुंबईतून रात्री जागून सामने बघणारे मित्र, मला हॉकीबद्दल सतत काही ना काही विचारत असतात. मोठ्या ताऱ्यांची माहिती सगळ्यांकडे असते. नवा संघ, नवं गाव, पुन्हा खोकी बांधायची, अशा खेळाडूंबद्दल मात्र फार थोडं माहीत असतं. मला हेच खेळाडू जवळचे वाटतात. मी अमेरिकेत ओहायोतल्या टोलिडोजवळ राहते. इथल्या छोट्या लीगच्या रिंकमध्ये ते दर हंगामात येतात आणि जातात, ते मी जवळून बघते. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एकाच गोष्टीची उजळणी टाळायला जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘जर्नीमन’ खेळाडू म्हणजे नेमका कोण? मराठीत काय म्हणायचं?

इंग्रजीत हा मूळ शब्द कारागिरांचा. उमेदवारी संपवून हात तयार झालेला, पण स्वतःचं दुकान नसलेला, रोजावर काम करणारा कारागीर म्हणजे जर्नीमन. खेळात त्याचा अर्थ असा झाला: ज्याला काम उत्तम येतं, पण ज्याच्याभोवती कुठलाही संघ उभा केला जात नाही असा व्यावसायिक. मी ‘फिरस्ता खेळाडू’ म्हणते. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या घरांना हा माणूस लगेच कळतो. फरक इतकाच की सरकारी बदलीत मे महिन्यापर्यंत वाट बघतात, इथे दुपारी फोन येतो आणि रात्री विमान असतं.

२. सर्वांत जास्त संघांकडून कोण खेळलं?

माइक सिलिंजर. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या रेजायना शहरात १९७१ साली जन्मलेला हा सेंटर, म्हणजे मधला आक्रमक, एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये १२ संघांकडून खेळला. १९८९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात त्यात, डेट्रॉइटने त्याला ११ व्या क्रमांकावर निवडलं होतं, म्हणजे सुरुवात चांगलीच मोठ्या अपेक्षांनी झाली होती. पुढे अनाहाइम, व्हँकुव्हर, फिलाडेल्फिया, टँपा बे, फ्लोरिडा, ऑटवा, कोलंबस, फिनिक्स, सेंट लुइस, नॅशव्हिल आणि शेवटी न्यू यॉर्क आयलंडर्स. यात डॅलस मोजलेलं नाही. २००३ च्या जुलैत कोलंबसने त्याला डॅलसला दिलं आणि डॅलसने त्याच दिवशी फिनिक्सला पाठवलं. डॅलसची जर्सी त्याच्या अंगावर चढलीच नाही.

एवढ्या फिरतीतही त्याने १,०४९ सामने खेळले आणि २४० गोल केले. मला सगळ्यात जास्त आवडतो तो २००५-०६ चा हंगाम. वय ३४, अर्ध्या हंगामात सेंट लुइसहून नॅशव्हिलला रवानगी, आणि तरीही कारकिर्दीतले सर्वाधिक ३२ गोल. त्यानंतर आयलंडर्सनी त्याला तीन वर्षांचा करार दिला.

हजार सामने खेळणं या खेळात फार थोड्यांना जमतं, हे लक्षात ठेवा. बारा संघांनी त्याला सोडलं असं लोक म्हणतात. मी म्हणते, बारा संघांनी त्याला मागून घेतलं.

३. एनएचएल, एएचएल, ईसीएचएल ही काय भानगड आहे?

तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वर एनएचएल, ३२ संघ. तिच्याखाली एएचएल, तिथेही ३२ संघ, जवळजवळ प्रत्येक वरच्या संघाचा एक खालचा. त्याखाली ईसीएचएल. आमच्या भागातलं उदाहरण घ्या. वर डेट्रॉइट रेड विंग्ज, मधे ग्रँड रॅपिड्स ग्रिफिन्स, खाली टोलिडो वॉलाय. टोलिडोहून डेट्रॉइटला गाडीने तासाभरात पोचता येतं. काही जणांना तेवढा रस्ता कापायला सहा वर्षं लागतात, बहुतेकांचा कापलाच जात नाही.

खेळाडू या पायऱ्यांवर वर-खाली होत राहतो. वर कुणी जखमी झालं की मधल्या पायरीवरून एक जण वर जातो, आणि त्याची जागा भरायला खालचा एक जण मधे येतो. खालच्याला बहुधा ‘पीटीओ’वर बोलावतात, म्हणजे जास्तीत जास्त २५ सामन्यांचा चाचणी करार. तो कधीही संपवता येतो.

४. खेळाडूला न विचारता ट्रेड करता येतं?

हो. करारात ‘मला हलवायचं नाही’ किंवा ‘या यादीतल्या संघांकडे नाही’ असं कलम नसेल तर संघ त्याला दुसरीकडे देऊ शकतो. त्याची संमती लागत नाही. असं कलम मिळवायला नाव आणि वजन लागतं, आणि फिरस्त्याकडे ते बहुधा नसतं. मार्चच्या सुरुवातीला ट्रेडची मुदत संपते. त्याआधीचे आठ-दहा दिवस या घरांमध्ये फोन वाजला की सगळ्यांचा श्वास अडकतो.

बदल्यात काय मिळतं हेही बघा. कधी एक खेळाडू, कधी दोन, कधी पुढच्या ड्राफ्टमधली पाचव्या फेरीची निवड. ती निवड म्हणजे आज शाळेत असलेला, कुणालाच नाव माहीत नसलेला एखादा मुलगा.

५. वेव्हर्स म्हणजे काय? ट्रेडपेक्षा ते वेगळं कसं?

ट्रेडमध्ये दोन संघ बोलून सौदा करतात. वेव्हर्समध्ये संघ एखाद्याला खाली एएचएलमध्ये पाठवू पाहतो, तेव्हा आधी त्याचं नाव बाकी सगळ्या संघांपुढे २४ तासांसाठी ठेवावं लागतं. कुणालाही बदल्यात खेळाडू न देता तो उचलता येतो, फक्त त्याचा चालू करार स्वीकारायचा. एकापेक्षा जास्त संघांनी मागितला तर गुणतक्त्यात खाली असलेल्याला अग्रक्रम. कुणीच मागितला नाही तर तो खाली जातो. याला ‘क्लिअर होणं’ म्हणतात.

शब्द सुटसुटीत वाटतो, पण त्या २४ तासांचा अर्थ काय ते बघा. उरलेल्या ३१ संघांनी तुमचं नाव वाचलं आणि कुणीही हात वर केला नाही. माझ्या मते या पेशातला हा सर्वांत एकटा दिवस.

नव्या, तरुण खेळाडूंना वय आणि सामन्यांच्या हिशेबाने यातून सूट असते. त्यांना कितीही वेळा वर-खाली करता येतं. एकदा क्लिअर झालेला खेळाडू पुन्हा वर आला, आणि वर एकूण ३० दिवस राहिला किंवा १० सामने खेळला, की त्याला खाली पाठवायला परत वेव्हर्स लागतात. म्हणूनच एखादा नऊ सामने नीट खेळतो आणि दहाव्याच्या आधी खाली जातो. त्याच्या खेळाचा त्याच्याशी संबंध असतोच असं नाही.

६. वन-वे करार असला की खाली पाठवता येत नाही ना?

हा सगळ्यात मोठा गैरसमज. वन-वे आणि टू-वे यांचा संबंध फक्त पगाराशी आहे. वन-वेमध्ये खेळाडू वर असो की खाली, पगार तोच. टू-वेमध्ये वरचा दर वेगळा आणि खालचा वेगळा. खाली पाठवता येतं की नाही ते ठरतं वेव्हर्सच्या नियमांवर, ते प्रश्न ५ मध्ये आहे. एवढं खरं की वन-वे करार असलेल्याला खाली पाठवताना संघाला पैशांचा विचार करावा लागतो.

७. पैसे किती मिळतात? कोट्यधीश असणार सगळे!

वर असाल तर पैसे भरपूर, यात वाद नाही. २०२५-२६ च्या हंगामात एनएचएलचं किमान वेतन ७,७५,००० डॉलर होतं, आणि २०२६-२७ साठी ते ८,५०,००० ठरलं आहे. पण फिरस्त्याला ते वर्षभर मिळत नाही, दिवसावर मिळतं. ७,७५,००० ला हंगामाच्या सुमारे १९० दिवसांनी भागा. दिवसाला चार हजार डॉलरच्या थोडं वर. आता समजा त्याचा टू-वे करारातला खालचा दर वर्षाला ९०,००० आहे, म्हणजे दिवसाला पावणेपाचशेच्या आसपास. दहा दिवस वर राहिला की चाळीस हजार, तेच दहा दिवस खाली काढले तर पाच हजारसुद्धा नाहीत. म्हणून ‘किती गोल केले’ याच्या आधी या घरांत ‘किती दिवस वर होता’ हे विचारलं जातं.

यातून एजंटची टक्केवारी, कर, आणि लीगच्या उत्पन्नाचा ताळमेळ बसवण्यासाठी कापून ठेवलेली रक्कम जाते. कर तर सामने खेळलेल्या बऱ्याच राज्यांतलाही भरावा लागतो. तिसऱ्या पायरीवर, ईसीएचएलमध्ये, पगार आठवड्यावर असतो आणि बेताचा असतो. तिथे राहायला जागा संघ देतो, आणि त्या जागेच्या जोरावरच महिना निभावतो. उन्हाळ्यात यातली बरीच मुलं दुसरं काम करतात: मुलांची शिबिरं, बांधकाम, शेती, जे मिळेल ते.

८. तारा नाही, तरुणही नाही. मग संघ अशा खेळाडूला घेतात कशाला?

दोन कारणं आहेत, एक हिशेबाचं आणि एक बर्फावरचं.

हिशेबाचं कारण सोपं. २००४-०५ चा अख्खा हंगाम टाळेबंदीत बुडाल्यानंतर एनएचएलने पगारावर कमाल मर्यादा आणली. २०२५-२६ साठी ती प्रत्येक संघाला ९ कोटी ५५ लाख डॉलर होती. चार-पाच तारे तिचा मोठा हिस्सा घेऊन जातात. उरलेल्या जागा किमान वेतनाच्या आसपास भराव्या लागतात, आणि तिथे शिकावू पोरापेक्षा जाणता माणूस बरा.

बर्फावरचं कारण जास्त रंजक आहे. संघ नवा असेल तर त्याची आक्रमणाची पद्धत शिकायला आठवडे लागतात. काही कामं मात्र सगळीकडे सारखीच असतात. त्यात पहिलं काम फेसऑफ. खेळ थांबला की पंच दोन सेंटरच्या मधे पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, टाकतो आणि जो तो मागे ओढेल त्याच्या संघाकडे ताबा जातो. टीव्हीवर अर्धा सेकंद दिसतं. रिंकच्या काचेला नाक लावून बघा. जाणता सेंटर आधी पंचाच्या हाताकडे बघतो, समोरच्याकडे नाही. खालचा हात काठीवर उताणा-पालथा फिरवून पकड बदलतो, म्हणजे पक कुठल्या बाजूला खेचायचा हे आधीच ठरलेलं असतं. पाय फाकवून इतका खाली वाकतो की हेल्मेट समोरच्याच्या हेल्मेटला लागतं. मग काठ्यांचा एकच खटका ऐकू येतो आणि पक मागच्या बचावपटूकडे गेलेला असतो. शेवटचं एक मिनिट, एका गोलची आघाडी, फेसऑफ आपल्याच गोलजवळ. अशा वेळी कुठलाही प्रशिक्षक पहिल्याच दिवशी या माणसाला बर्फावर पाठवू शकतो. सिलिंजर यात तरबेज होता. मॅनी मल्होत्रा तर २०१०-११ मध्ये ६० टक्क्यांहून जास्त फेसऑफ जिंकत होता (त्याच्याबद्दल प्रश्न १४ बघा).

दुसरं काम म्हणजे कुणी शिक्षा होऊन बाहेर बसल्याने माणूस कमी असताना गोल वाचवणं, शॉटपुढे अंग टाकणं. पक साधारण १७० ग्रॅमचा, गोठवलेल्या टणक रबराचा. तिसरं काम कुठे नोंदलं जात नाही. पंधरा सामने बाहेर बसवलं तरी सरावाला चेहरा न पाडता येणं, आणि सोळाव्या दिवशी बोलावलं की तयार असणं.

९. ट्रेड झाल्यावर पहिल्या दिवशी नक्की काय होतं?

बॅग. सगळं बॅगेपासून सुरू होतं. स्केट्स, काठ्या आणि अंगाखालचं संरक्षक सामान खेळाडूच्या अंगाचं, सवयीचं असतं, ते बरोबर जातं. हेल्मेट, हातमोजे, पँट नव्या संघाच्या रंगाची मिळते. पण हाताला बसलेला हातमोजा एका दिवसात बदलत नाही. म्हणून कधीकधी अंगावर नवी जर्सी आणि हातात जुन्या संघाच्या रंगाचे मोजे असा माणूस बर्फावर दिसतो. गोलरक्षकाचं तर विचारूच नका, त्याच्या पॅड्स महिनाभर जुन्या गावाचे रंग मिरवतात.

सीमा ओलांडायची असेल, म्हणजे कॅनडातून अमेरिकेत किंवा उलट, तर कामाचा व्हिसा लागतो. तो उशिरा आला म्हणून सामना हुकलेले खेळाडू आहेत. व्हिसासाठी ताटकळणं काय असतं ते आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. एनएचएलमध्ये सामान हलवायचा खर्च करारानुसार संघ करतो, सुरुवातीला हॉटेलही देतो. खाली आलात की हे सगळं आटत जातं.

मागच्या हिवाळ्यात रविवारच्या सामन्यानंतर मी रिंकच्या मागच्या दारापाशी गाडीची वाट बघत उभी होते. मुलं आपापल्या ओल्या बॅगा स्वतःच बसच्या पोटात टाकत होती. त्या घामेजलेल्या सामानाचा आंबट वास थंडीतही येतो. एक जण मात्र बॅग घेऊन बसकडे न जाता उलट दिशेला, एका जुन्या गाडीकडे गेला. दोघा-तिघांनी त्याला मिठी मारली, एकाने टेपची नवी गुंडाळी त्याच्या खिशात कोंबली. मिनिटभरात सगळं आटपलं. बस एका बाजूला गेली, गाडी दुसऱ्या.

१०. कुटुंबाचं काय होतं? बायको-मुलं बरोबर जातात का?

बहुतेक वेळा खेळाडू एकटा पुढे जातो आणि घर मागून येतं, किंवा येतच नाही. शाळेचं वर्ष सुरू असतं, भाड्याचा करार असतो, बायकोची नोकरी असते. बऱ्याच जणी नोकरी सोडतात किंवा कुठूनही करता येईल असं काम धरतात. माझ्या मते या पेशाची खरी किंमत त्या मोजतात, आणि आकडेवारीच्या कुठल्याच पानावर ती दिसत नाही.

आमच्या गल्लीत एका खेळाडूचं कुटुंब दोन हंगाम राहिलं. त्यांच्या घरात चहाला गेले तेव्हा भिंतीशी तीन खोकी होती, चिकटपट्टी न फाडलेली. ती आधीच्याही गावात उघडली नव्हती, असं तिने सांगितलं. एकावर लिहिलं होतं ‘चांगली ताटं’. रोजची ताटं चार होती, तेवढी पुरत होती. निघाले तेव्हा ती तीन खोकी सगळ्यात आधी ट्रकमध्ये चढली.

११. ड्राफ्टमध्ये निवड झाली नाही, तिसऱ्या पायरीवर सुरुवात झाली, तरी वर जाता येतं का?

येतं, पण थोड्यांनाच. दोन नावं सांगते, कारण ती दोन्ही एकाच रात्री समोरासमोर आली.

अलेक्झांडर बरोज: ड्राफ्टमध्ये कुणी घेतलाच नाही. ईसीएचएलच्या बसमधून दक्षिणेतल्या गावागावांत हिंडला. तिथून एएचएल, तिथून व्हँकुव्हर, आणि पुढे एनएचएलचे ९१३ सामने.

टिम थॉमस: मिशिगनमधल्या फ्लिंटचा गोलरक्षक. १९९४ मध्ये क्युबेकने त्याला २१७ व्या क्रमांकावर घेतलं. त्यानंतर ईसीएचएलमध्ये थोडे सामने, खालच्या लीग, फिनलंड, स्वीडन, पुन्हा फिनलंड. एनएचएलमध्ये पक्की जागा मिळाली तेव्हा तिशी उलटली होती. नंतर बोस्टनकडून लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक दोनदा, २००९ आणि २०११ मध्ये.

जून २०११, स्टॅन्ली कपची, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाची, अंतिम मालिका, दुसरा सामना, व्हँकुव्हर. बरोबरी झाली, जादा वेळ सुरू झाला, आणि ११ व्या सेकंदाला बरोजने थॉमसला चकवून गोल केला. मालिका मात्र सात सामन्यांत बोस्टनने जिंकली आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान थॉमसला मिळाला. मी ते ११ सेकंद कितीदा तरी पाहिलेत. एके काळी कुणाच्याच गणतीत नसलेले दोघं, आणि सगळं हॉकीजगत त्यांच्याकडे बघत होतं.

१२. युरोपात जाणं म्हणजे कारकीर्द संपली का?

मुळीच नाही. हा समज फक्त उत्तर अमेरिकेत आहे. स्वीडन, फिनलंड, स्वित्झर्लंड, जर्मनी, चेकिया इथल्या लीग जुन्या आणि कसदार आहेत. खाली एएचएलमध्ये वर्षानुवर्षं फोनची वाट बघण्यापेक्षा तिथे सामने कमी, प्रवास छोटा, आणि करारात बहुधा राहायला घर आणि गाडी येते. बायका-मुलांना एका गावात सलग आठ महिने मिळतात, ही प्रश्न १० वाचल्यावर किती मोठी गोष्ट आहे ते कळेल.

अडचणही आहे. बऱ्याच लीगमध्ये परदेशी खेळाडूंची संख्या ठरलेली असते. त्या मोजक्या जागांवर बसलेल्याने गोल केलेच पाहिजेत. तो थंडावला की नाताळच्या सुमाराला दुसरा परदेशी येतो.

ग्लेन मेट्रोपोलिटचं उदाहरण बोलकं आहे. टोरांटोच्या रीजंट पार्क या गरीब वस्तीत वाढलेला, ड्राफ्टमध्ये न निवडलेला, ईसीएचएलपासून सुरू केलेला. एनएचएलमध्ये सात संघांकडून ४०७ सामने खेळला, मधे फिनलंड आणि स्वित्झर्लंड, आणि नंतर युरोपातच चाळिशीपर्यंत. २०१५ मध्ये मानहाइमच्या विजेत्या जर्मन संघात तो होता.

१३. यारोमिर यागर नऊ संघांकडून खेळला. तो पण फिरस्ताच का?

नाही. संघ मोजून हे ठरत नाही. यागर एनएचएलमध्ये १,७३३ सामने खेळला आणि १,९२१ गुण (गोल आणि गोलला दिलेली मदत मिळून) मिळवले. जिथे गेला तिथे त्याला मध्यवर्ती भूमिका द्यायला बोलावलं गेलं, आणि बऱ्याचदा त्याने स्वतः निवडून जागा बदलली. फिरस्त्याची ओळख अशी की निवड बहुधा दुसऱ्याची असते आणि भूमिका भरणीची. उलट बाजूने, एनएचएलच्या एकाच संघाच्या दोन पायऱ्यांमध्ये दहा वर्षं वर-खाली करणारा माणूस कागदावर एकाच संघाचा दिसतो, पण मी त्याला फिरस्ताच म्हणेन.

१४. भारतीय वंशाचं कुणी या वाटेने गेलंय का? आणि भारतात?

हो, आणि पहिलाच माणूस फिरस्ता होता. रॉबिन बावा, पंजाबी कुटुंबातला, कॅनडात व्हँकुव्हर बेटावरच्या डंकनमध्ये १९६६ साली जन्मलेला. १९८९-९० च्या हंगामात वॉशिंग्टनकडून एनएचएलमध्ये उतरला आणि पुढे व्हँकुव्हर, सॅन होजे, अनाहाइम. एकूण ६१ सामने. बाकीची सगळी वर्षं खालच्या लीगमध्ये गेली. ६१ हा आकडा लहान वाटतो, पण त्याच्याआधी तिथे आपल्याकडचं कुणीच नव्हतं.

मॅनी मल्होत्राचे वडील भारतीय वंशाचे. १९९८ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडलेला, पुढे सात संघांकडून ९९१ सामने. मार्च २०११ मध्ये पक डोळ्यावर बसला आणि दृष्टी जायची वेळ आली. शस्त्रक्रिया झाल्या. जूनमध्ये तो परत बर्फावर उतरला, तेही प्रश्न ११ मधल्या त्याच रात्री, त्याच सामन्यात. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने २०२५ मध्ये ॲबट्सफर्डला एएचएलचं विजेतेपद मिळवून दिलं. त्या संघात कॅनडातल्या सरी शहरातला अर्शदीप बेन्स होता, तोही ड्राफ्टमध्ये न निवडलेला.

भारतात हा खेळ मुख्यतः लडाखचा आणि हिमाचलमधल्या स्पीतीचा, तोही हिवाळ्यातल्या गोठलेल्या पाण्यावरचा. पुरुष संघात लष्कर आणि आयटीबीपीच्या जवानांची मोठी परंपरा आहे. २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या आशिया चषकात महिला संघाने कांस्यपदक जिंकलं. पगारावर पोट भरावं अशी लीग मात्र तिथे अजून नाही.

१५. जॉन स्कॉटची गोष्ट खरी आहे का?

अक्षरशः खरी. साडेसहा फुटांपेक्षा उंच, मारामारीसाठी ठेवलेला खेळाडू, सात संघ, कारकिर्दीत पाच गोल. मिशिगन टेकमधून यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतलेला. २०१६ च्या ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक ताऱ्यांच्या, सामन्यासाठी चाहत्यांनी गंमत म्हणून त्याला मतं दिली आणि तो पॅसिफिक विभागाचा कर्णधार झाला. त्याने माघार घ्यावी यासाठी दबाव आला. मग जानेवारीत ॲरिझोनाने त्याला माँट्रियलला दिलं आणि माँट्रियलने थेट खाली, न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला पाठवलं. वाळवंटातून खंडाच्या पार दुसऱ्या टोकाला. घरी दोन लहान मुली आणि जुळ्यांसाठी दिवस भरत आलेली बायको.

शेवटी त्याला खेळू दिलं. ३१ जानेवारीला नॅशव्हिलमध्ये त्याने दोन गोल केले, त्याचा संघ जिंकला, सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला आणि ताऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. गंमत म्हणून मतं देणाऱ्यांना त्या रात्री कळलं की हा माणूस आपल्यासारखाच नोकरीला जाणारा बाप आहे.

१६. स्टॅन्ली कपवर अशा खेळाडूचं नाव कोरतात का?

नियम असा की विजेत्या संघाकडून साखळी फेरीचे निम्मे सामने, म्हणजे ८२ पैकी ४१, किंवा अंतिम मालिकेचा एक सामना खेळलेला असावा. मार्चमध्ये आलेल्याला पहिली अट पुरी करता येत नाही, त्यामुळे सगळं दुसऱ्या अटीवर येतं. संघाला खास विनंती करता येते. २०२६-२७ पासून हंगाम ८४ सामन्यांचा होतोय, तेव्हा निम्मे म्हणजे ४२.

१७. महिला हॉकीत असं होतं का?

पीडब्ल्यूएचएल या महिलांच्या व्यावसायिक लीगचा पहिला सामना १ जानेवारी २०२४ ला झाला. सहा संघांनी सुरुवात झाली, २०२५-२६ मध्ये व्हँकुव्हर आणि सिअ‍ॅटल धरून आठ झाले. नवे संघ आले की जुन्यांमधून खेळाडू घेतात, म्हणजे फिरती सुरू झालीच. त्याआधीच्या पिढीने पगार नीट नसतानाही लीग बुडताना आणि नव्याने उभ्या राहताना पाहिल्या.

१८. आमचा मुलगा १५ वर्षांचा आहे, चांगला खेळतो. शिक्षण सोडावं का?

नका. पूर्वी कॅनडाच्या मेजर ज्युनिअर लीगमध्ये खेळलेल्या मुलाला अमेरिकन विद्यापीठाच्या संघाचं दार बंद होतं. पंधरा-सोळाव्या वर्षी एकच वाट धरावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून ते दार उघडलं आहे, तेव्हा दोन्ही जमवता येतं. आणि त्याला एक प्रश्न नक्की विचारा. एनएचएल सोडून विचारा: तिसऱ्या पायरीवर, छोट्या गावात, आठवड्याच्या पगारावर पाच वर्षं खेळायला आवडेल का? डोळे चमकले तर त्याला खेळ आवडतो.

१९. शेवट कसा होतो? निरोप समारंभ असतो का?

क्वचित. बहुतेकांना उन्हाळ्यात फोन येत नाही, आणि सप्टेंबर उजाडला की कळतं. काहींना शरीर सांगतं. सिलिंजरचं खुब्याचं दुखणं शस्त्रक्रियेपर्यंत गेलं आणि २००८-०९ चा हंगाम शेवटचा ठरला. पुढे त्याने तरुण खेळाडू घडवण्याचं काम घेतलं. बारा ड्रेसिंग रूम पाहिलेल्या माणसाला ते येणारच.

त्याची तिन्ही मुलं हॉकीत आली. धाकटा कोल जन्मला मे २००३ मध्ये, कोलंबस शहरात, वडील तिथल्या संघात होते म्हणून. दोन महिन्यांनी वडिलांचं ट्रेड झालं आणि तान्ह्या बाळासह बिऱ्हाड हललं. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये कोलला १२ व्या क्रमांकावर निवडलं, कोलंबसनेच.